पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर मराठी व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम नेहमीचीच वंदनीय नावे आमच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्यांच्यावर लिहिणारे अधिकारी लेखक पुष्कळ आहेत. आम्ही पडलो सरकारी नोकर. पदवी साधी बी. ए.ची, आणि उभा जन्म टिपणे व अहवाल लिहिण्यात गेलेला. परंतु दर चार-पाच वर्षांनी बदलीचा हुकूम हाती पडून बिऱ्हाड हलवताना एका मराठी स्त्रीची आठवण आम्हांस वारंवार होत आली आहे. त्या महाराष्ट्राबाहेर जन्मल्या, महाराष्ट्राबाहेर वाढल्या आणि पुण्यात राहावयास आल्या त्या वयाच्या चोविसाव्या वर्षी. मराठीचे रीतसर शिक्षण त्यांस कधी मिळाले नाही. आईवडील घरात शुद्ध मराठी बोलत, तेवढ्या ऐकण्यावर त्यांची मराठी घडली. आपल्या मुलांच्या मराठीची काळजी वाहणाऱ्या आम्हां परप्रांतस्थांना एवढी एक गोष्टसुद्धा धीर देणारी आहे. या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव निघाले की बहुधा एकच प्रश्न पुढे येतो : त्या ख्रिस्ती का झाल्या? आमच्या घरात लहानपणी त्यांचा उल्लेख बाटलेल्या रमाबाई असाच होत असे. उलट मिशनरी मंडळींच्या लिखाणात २९ सप्टेंबर १८८३ हा त्यांच्या बाप्तिस्म्याचा दिवस मोठ्या उत्साहाने सांगितलेला आढळतो. निंदक आणि स्तावक या दोघांचेही लक्ष असे त्या एका विधीवर खिळलेले. स्वतः रमाबाईंनी मात्र १९०७ साली आपल्या धर्मजीवनाची हकीकत लिहिली, तेव्हा त्या दिवसाला फारसे महत्त्व दिले नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपणांस खरी वस्तू सापडली, असे त्यांनी स्वच्छ सांगितले आहे. मधल्या आठ वर्षांत त्या चर्चमध्ये जात होत्या, प्रार्थना म्हणत होत्या, जगाच्या दृष्टीने पुऱ्या ख्रिस्ती होत्या. मग त्यांस काय सापडावयाचे उरले होते? आम्ही ख्रिस्ती नाही. आमच्या घरी गणपती बसतो, नवरात्र असते. तरीही हा प्रश्न आम्हांस परका वाटत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रांगेत, गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. विद्यार्थिदशेत आपल्या गुरूंना पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांस संस्कृत शिकवताना त्यांनी पाहिले आणि आपणही पत्नीस शिकवावयाचे, असे मनाशी ठरविले. पुढे गोदावरीच्या तीरी, यात्रेत, एका गृहस्थाने आपली नऊ वर्षांची कन्या या चव्वेचाळीस वर्षांच्या विधुराला देऊन टाकली. त्याच या लक्ष्मीबाई. त्यांना संस्कृत शिकवण्यावरून विद्वानांत गहजब झाला. स्त्रियांस संस्कृत शिकविण्यास शास्त्राची आडकाठी नाही, हे शास्त्रीबोवांनी उडुपीस पंडितांपुढे प्रतिपादन केले आणि ते अरण्यात जाऊन राहिले. पुढे त्यांची मिळकत गेली. सहा महिन्यांच्या रमेला वेताच्या पेटीत घालून, ती पेटी हमालाच्या डोक्यावर देऊन हे कुटुंब घराबाहेर पडले, ते कायमचेच.

यानंतरची सोळा वर्षे म्हणजे एक अखंड तीर्थयात्रा होय. देवळात बसून पुराण सांगावे, मिळेल ते धान्य-पैसे घ्यावेत, त्यांतून ब्राह्मणांस दान द्यावे, पुढच्या क्षेत्रास निघावे. पहाटे आई मुलीस पाठ देई. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंच्या जिभेवर होते. स्नाने, उपवास, प्रदक्षिणा, जप यांत तसूभरही कसूर नव्हती. आणि १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. जवळचे दागिने गेले, भांडी गेली. शेवटचा पैसाही दानात गेला, कारण दानाने देव प्रसन्न होईल अशी अनंतशास्त्र्यांची श्रद्धा होती. तिरुपतीच्या रानात या कुटुंबाने अकरा दिवस पाला आणि पाणी यांवर काढले. वडील गेले. काही महिन्यांत आई गेली. तिच्या तिरडीस खांदा द्यावयास पुरेशी माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा मुलगा श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. त्यांची उंची इतकी कमी, की आपल्या बाजूचे ओझे त्यांनी खांद्याऐवजी डोक्यावर घेतले. पुढे थोरली बहीणही पटकीने गेली.

राहिली ही दोन भावंडे. ती हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणून मानेपर्यंत अंगावर वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. पुण्याहून जम्मूस जाणाऱ्या झेलम एक्स्प्रेसमध्ये रजई पांघरून प्रवास करताना आम्हांस ही हकीकत आठवली आणि थोडी लाजही वाटली.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. एकदा त्यांस तेथील ख्रिस्ती मंडळींच्या मेळाव्यास बोलावणे आले. चहापाण्यानंतर प्रार्थना सुरू झाली. मंडळी आपापल्या खुर्च्यांकडे वळून गुडघे टेकून, डोळे मिटून काही पुटपुटू लागली. समोर मूर्ती नाही, चित्र नाही. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे या भावंडांस वाटले! आपण हसतो, पण बाहेरून पाहणाऱ्याला दुसऱ्याच्या धर्माचे दुसरे काय दिसते? आपल्या गणपतीच्या आरतीच्या वेळी शेजारचे परप्रांतीय कुटुंब दारात उभे राहून पाहत असते, त्यालाही झांजा आणि कापूर एवढेच दिसत असणार.

त्याच कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी रमाबाईंना वेदांची प्रत दिली. स्त्रीने वेद वाचू नयेत, या समजुतीत वाढलेल्या बाईंनी वेद उघडले. स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्रेही पुन्हा नीट वाचली. इतर शंभर बाबतींत एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ स्त्री आणि शूद्र यांना तुच्छ लेखण्यात मात्र एकमताचे आहेत, असे त्यांस दिसून आले, आणि लहानपणापासूनची श्रद्धा पायाखालून सरकली. भाऊ १८८० साली ढाक्यास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि आसामात सिल्चर येथे संसार थाटला. तेथे घरच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. ती त्यांस आवडली. मिशन शाळेत शिकलेल्या पतीस मात्र पत्नीने ख्रिस्ती होण्याचा विचार मुळीच रुचला नाही. कन्या मनोरमा एप्रिल १८८१मध्ये जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२मध्ये पती पटकीने गेले.

पुण्यातील आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढील साक्ष, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक या गोष्टी सर्वश्रुत आहेत. त्यांत शिरत नाही. १८८३च्या एप्रिलमध्ये लहानग्या मनोरमेला आणि आनंदीबाई भगत यांना घेऊन रमाबाई विलायतेस निघाल्या. वैद्यक शिकावे हा हेतू होता; पण बहिरेपणामुळे तो सिद्धीस गेला नाही. वाँटेज येथील सेंट मेरीच्या मठात, पुण्यातच ओळख झालेल्या सिस्टरांच्या आश्रयाने त्या राहिल्या. आनंदीबाईंचा तेथे करुण अंत झाला. आणि त्याच शरद ऋतूत रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयास कारण काय झाले? वादविवाद नव्हे. मठाच्या भगिनी त्यांस लंडनजवळ फुलम येथे घेऊन गेल्या. वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय दिला जाई आणि मायेने वागविले जाई. ज्या स्त्रीस आपल्याकडे दारातही कोणी उभे करणार नाही, तिची शुश्रूषा करणारे हात बाईंनी तेथे पाहिले. हे बळ येते कोठून, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका सिस्टरने त्यांस योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर पाण्यास आलेल्या त्या परजातीच्या, बदलौकिकाच्या बाईशी ख्रिस्त बोलत बसला, आणि देवाची भक्ती अमुक डोंगरावर की तमुक नगरात हा वाद त्याने बाजूला सारला. खरी भक्ती अंतःकरणाची, असे त्याने तिला सांगितले. सोळा वर्षे क्षेत्रांमागून क्षेत्रे पायांखाली घातलेल्या स्त्रीला ही कथा कशी भिडली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

परंतु गंमत अशी, की जिच्या कथेने त्या ख्रिस्ती झाल्या, तिला सांगितलेल्या गोष्टीच्या नेमके उलट आता त्यांच्या वाट्यास आले. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. प्रेमळ खऱ्या, पण मठाच्या शिस्तीत मुरलेल्या. रमाबाई शाकाहार सोडीनात. अंडे घातलेला पदार्थ त्यांस चालेना. हा जातीचा अभिमान उरला आहे, असा सिस्टरांस संशय. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे. आपल्यास आणि आपल्या देशबांधवांस न कळणारी ही भाषा का म्हणून, त्याऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असे बाईंचे म्हणणे. संस्कृत ही देववाणी म्हणून नव्हे, तर आपल्या मातृभूमीची जुनी सुंदर भाषा म्हणून. त्रैक्याचे तत्त्व मनास पटल्यावाचून तोंडाने म्हणावयाचे नाही, आणि जे आपणांस उलगडलेले नाही ते लहान मुलीकडून घोकून घ्यावयाचे नाही, हाही त्यांचा आग्रह. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत. पुरुष विद्यार्थ्यांस एका हिंदी स्त्रीने शिकवावे की नाही, यावर लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. ब्राह्मण पुरोहितांचे जू महत्प्रयासाने मानेवरून उतरविल्यावर त्या जागी दुसऱ्या पुरोहितांचे जू चढवून घेण्याची आपली तयारी नाही, अशा आशयाचे उत्तर बाईंनी धाडले. हा सर्व पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ज्यांना रमाबाई मिशनऱ्यांच्या हातचे बाहुले वाटतात, त्यांनी तो अवश्य वाचावा.

आम्हांस मात्र ती पत्रे वाचताना सिस्टर जेराल्डिनचीही थोडी कणव आली. आमचे आयुष्य हिशेबतपासणीत गेले. एकदा तपासणीस गेलो असता विहिरीच्या खर्चाच्या सगळ्या पावत्या बिनचूक, सह्या-शिक्के जागच्या जागी; फक्त त्या जागेवर विहीर नव्हती. पावती मागणे चूक नव्हे, पण विहिरीत डोकावण्याची सवयही असावी लागते. सिस्टर बिचाऱ्या पावत्या मागत होत्या, आणि रमाबाई आपल्या विहिरीत पाणी आहे की नाही या विवंचनेत होत्या. कारण त्यांचे स्वतःचेही समाधान झालेले नव्हते. ख्रिस्ती पंथ अनेक, प्रत्येकाचा आधार बायबलच, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा; या गलबल्यात आपण नेमके कोठे आहोत हे त्यांस कळेना.

१८८६मध्ये नात्यातील आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे पुस्तक लिहून, गावोगाव व्याख्याने देऊन मदतीचा पाया घातला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. अवघ्या दोन मुलींनी सुरुवात झाली. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून त्या प्रसिद्ध झाल्या. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळावयाची, हा करार होता. रानडे, भांडारकर यांसारखी मंडळी सल्लागार होती.

आणि येथे ती आठ वर्षे संपतात. १८९१च्या सुमारास रमाबाईंच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र आले. हे गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये कित्येक वर्षे चर्चचे अधिकृत पाद्री होते. १८५१ साली एका रविवारी व्यासपीठावर उभे राहून उपदेश करीत असता, आपण लोकांस जे सांगत आहो ते आपल्याच ठिकाणी नाही, हे त्यांस एकाएकी उमगले, आणि स्वतःच्याच प्रवचनाने त्यांचे परिवर्तन झाले. रमाबाई चपापल्या. आपली गत हीच नव्हे काय? आपण ख्रिस्ती धर्म मिळविला, त्याची मते पटवून घेतली, पण ज्याच्यामुळे त्या धर्मात जीव आहे तो ख्रिस्त आपणांस भेटलाच नाही, असा कौल त्यांनी स्वतःविरुद्ध दिला. पुढचे काही दिवस त्यांनी मोठ्या तळमळीत काढले. अखेर जशा आहोत तशा, पुण्याईचे गाठोडे हाती न घेता, आपण स्वीकारल्या गेलो आहो, अशी त्यांची खात्री पटली. उपवास, दान, तीर्थे यांच्या बळावर देवाशी व्यवहार करणाऱ्या बापाची ही मुलगी. तिला विश्रांती मिळाली ती हिशेबच मिटला तेव्हा. यात कोणताही विधी नव्हता. साक्षीदारही नव्हते.

दुर्दैव असे, की या अंतरीच्या गोष्टीचा बाहेर फार मोठा बोभाटा झाला. बाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. बाईंनी त्यांस बोलाविले नाही, आणि हाकललेही नाही. पुण्यात वादळ उठले, 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, ऑगस्ट १८९३मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी राजीनामे दिले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. आम्हांस या प्रकरणी न्यायाधीश व्हावयाचे नाही. ज्या मंडळींनी विश्वासाने लेकीसुना धाडल्या, त्यांचा राग अनाठायी म्हणवत नाही. उघडे दार हे एक प्रकारचे आमंत्रणच असते. पण ज्या स्त्रीला मनाची गाठ आत्ताच कोठे सुटली आहे, तिने दाराला कडी घालावी, असेही म्हणवत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या आजीच्या सासरी एक सोवळ्या आत्याबाई होत्या. अकराव्या वर्षी कपाळ पांढरे झालेले. त्यांना शारदा सदनात धाडावे, असे थोरल्या भावाने ठरविलेही होते. तेवढ्यात हे वादळ उठले आणि बेत रहित झाला. आत्याबाई पुढे साठ वर्षे जगल्या, त्या माजघरात. लाल आलवण, एकादश्या, चातुर्मास, सोवळेओवळे; काहीही चुकले नाही. घरात रमाबाईंची निंदा चाले, तेव्हा त्या उठून आत जात, असे आजी सांगे. त्यांच्या मनात काय होते, हे विचारण्याचे कोणासही सुचले नाही. धर्म राखल्याचे समाधान घराला मिळाले.

शारदा सदन मोडले नाही. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळ काय असतो हे त्यांस पोटाने ठाऊक होते. अनाथ मुलींना त्या गाडीत घालून घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावच्या माळावर त्यांनी तळ दिला. तेच मुक्ति सदन. १९००च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या गेल्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, आंधळ्यांसाठी ब्रेल लिपीचे वर्ग, सर्व काही स्त्रियांच्या हाती. भव्य प्रार्थनामंदिर उभे राहिले. तेथे मुली आपल्या रीतीप्रमाणे जमिनीवर बसत. सदन आता उघडपणे ख्रिस्ती झाले होते, आणि शेकडो मुलींचे बाप्तिस्मे झाले. आधार नसलेल्या, उपाशी मुलींच्या धर्मांतरात अंतरीचे किती आणि परिस्थितीचे किती, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. १९०५ साली तेथे मोठी धर्मजागृती झाली. मुली मोठमोठ्याने रडत, एकदम प्रार्थना करीत. काही मिशनऱ्यांनाही ते रुचले नाही. यात बाह्य देखावा किती, अशी शंका आमच्याही मनात येते. बाईंचे मत असे, की हिंदी माणसांना आपल्या रीतीने भक्ती करू द्यावी. विलायती साच्यात त्यांस कोंबू नये. क्रूसावरील लॅटिन अक्षरांस हरकत घेणाऱ्या बाईच त्या!

त्यांचे शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. उपलब्ध मराठी बायबल खेड्यातील बायकांना कळत नाही, म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा हस्तगत केल्या, आणि मुळावरून एकटीने भाषांतर करावयास घेतले. वर्षांमागून वर्षे गेली. जुलै १९२१मध्ये मनोरमाबाई गेल्या. आईच्या डोळ्यांदेखत एकुलती एक, कर्तबगार लेक. बाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम थांबविले नाही. बहिरेपण वाढले होते, छातीचा विकार जडला होता. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांच्याकडील काम हातावेगळे झालेले होते. पूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणाऱ्या आणि तो छापणाऱ्या बायका त्याच छापखान्यातल्या. त्यांतील कित्येक दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणलेल्या.

पुण्याहून सोलापूरकडे किंवा दौंडमार्गे उत्तरेकडे रेल्वेने जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. पुष्कळ गाड्या तेथे थांबत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आम्ही मुद्दाम पॅसेंजरने जाऊन तेथे उतरलो. आजही तेथे निराधार स्त्रियांचा सांभाळ होतो. आमच्यासोबत आमची कन्या होती. आत्याबाईंची गोष्ट तिला ठाऊक आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग, त्या काळी कोकणातून येथे यावयास किती दिवस लागत असतील, एवढेच तिने विचारले.